फ्यूज शाबूत, पण फ्यूज बॉक्स जळालेला : २० रुपयांचं काम की १५०० चं?

या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांनी तो तपकिरी झालेला, एका कोपऱ्यात वितळलेला फ्यूज बॉक्स पाहिलाच असेल. व्हिडिओत घाईघाईत सांगितलेलं इथे नीट लिहितो. ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आकड्यांकडे जरा जास्त लक्ष द्या.

गाडी जुनी मारुती ८००. १९८३ ला आलेली ही गाडी २०१४ ला बनायची बंद झाली, पण आपल्या सेलू-जिंतूर-पाथरी भागात अजून भरपूर दिसते. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करून लोक ती पुढे चालवतात. म्हणजे आपल्याला काम आहे!

गाडीचे मालक कापसाचे शेतकरी. तक्रार एवढीच, "हेडलाइट मधेच मंद होतो, आन् जळका वास येतो." फ्यूज काढून पाहिला तर आतली तार शाबूत. नवीन पोरगा इथेच फसतो. फ्यूज चांगला म्हणजे लाइन चांगली, असं समजतो.

फ्यूज उडतो तो करंट जास्त झाला तर. इथे उष्णता तयार होत होती फ्यूजच्या पायात आणि त्याला धरणाऱ्या पितळी टर्मिनलमध्ये. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन टर्मिनलची पकड सैल होते, त्यावर काळपट थर येतो, रोध वाढतो. रोध वाढला की ते अजून तापतं, आणि तापलं की अजून सैल होतं. त्यात आपल्याकडचा मे महिना!

या गाडीत अजून दोन उद्योग करून ठेवले होते. कंपनीचे ६०/५५ वॉटचे बल्ब काढून १०० वॉटचे घातले होते आणि दोन्ही दिव्यांची वायर कुणीतरी एकाच फ्यूजवर आणली होती. हिशोब करा. ६० चे दोन म्हणजे १२० वॉट, भागिले १२ व्होल्ट, १० अँपियर. १०० चे दोन म्हणजे जवळपास १७ अँपियर. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्याच टर्मिनलवर जवळजवळ तिप्पट. निळा १५ चा फ्यूज उडायला लागला म्हणून कुणीतरी हिरवा ३० चा दाबून बसवला. आता फ्यूज उडत नाही, प्लास्टिक वितळतं.

हसू नका, हे मीही केलंय. दुकान टाकलं त्या वर्षी एका गाडीत १५ च्या जागी ३० चा टाकून ५० रुपये घेतले होते. आठ दिवसांनी रात्री पाथरी रोडवर डॅशबोर्डखालून धूर निघाला, गाडीत दोन लेकरं होती. कुणाला काही झालं नाही. वायरिंग माझ्या खिशातून करून दिलं, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

आता तपासणी. लाइट चालू ठेवायचा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक फ्यूजच्या अलीकडच्या वायरला, दुसरं पलीकडच्या वायरला. चांगल्या जोडात ०.१ व्होल्टच्या आत आकडा येतो. इथे आला ०.६. म्हणजे १७ गुणिले ०.६, साधारण १० वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत! छोटा सोल्डरिंग गन २५ वॉटचा असतो, यावरून अंदाज घ्या.

काम सुरू करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बॉक्सच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो नंतर दोन तास वाचवतो. बारीक पिनने लॉक दाबून टर्मिनल मागून ओढा. वायरचं तांबं काळं पडलं असेल तर चकाकी दिसेपर्यंत कापत मागे या, काळ्या तांब्यावर ना सोल्डर धरतं ना क्रिम्प. कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडून स्लीव्ह चढवा. नवीन टर्मिनल क्रिम्पिंग टूलनेच दाबा, पक्कडने नाही. खाच वितळून टर्मिनल हलत असेल तर ती खाच कायमची सोडून द्या. अर्धवट चिकटवत बसू नका.

आम्ही तेच केलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर वेगळा फ्यूज होल्डर, त्यात १५ चा फ्यूज, तिथून २.५ स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरला आणि ८७ वरून दिव्यांना. जुना स्विच आता फक्त रिलेची कॉइल चालवतो, म्हणजे ८५-८६. अप्पर-डिपरला दोन वेगळे रिले. आणि बल्ब परत ६०/५५ चे. यावर मालक जरा नाराज झाले, "उजेड कमी पडंल की." पण पूर्ण व्होल्टेज पोचल्यावर त्यांनीच रात्री चालवून पाहिलं आणि गप्प बसले.

पण आधी पैशाची बोलणी झाली होती. "दुसरीकडं २० रुपयात फ्यूज टाकून देतेत, तू १५०० कशाचे सांगतो बाबा?" बीबीएला कॉस्टिंगचा पेपर होता, त्यात हा प्रश्न कधी आला नव्हता. मी मीटर लावून त्यांनाच आकडा दाखवला आणि वितळलेला फ्यूज हातात दिला. "मामा, २० चंही करून देतो, पण बिलावर लिहीन की बॉक्स जळालेला आहे आणि मालकाने दुरुस्ती नको म्हटली." सामान ६००, तीन तासांची मजुरी ९००, वेगवेगळं लिहून दिलं. तपासणीचे १०० रुपये मी वेगळे घेतो, काम दिलं तर बिलातून वजा. तुम्हीही पहिल्या दिवसापासून घ्या, नंतर सुरू करायला जड जातं.

महिन्याने मामांना फुकट तपासणीला बोलावलं. त्याच पद्धतीने मीटर लावला, ०.०७ व्होल्ट. सोबत ते शेजाऱ्याची गाडी घेऊन आले होते.