सिनेबेंच पास झाला, एवढ्यावर विसंबू नकोस

अगं, तुझा स्क्रीनशॉट बघितला. सिनेबेंचचा स्कोअर मस्त वाढलाय, आणि बायोसमध्ये शिरून हे सगळं ओव्हरक्लॉकिंग तू एकटीने केलंस याचं फार कौतुक वाटलं. पण खाली ‘आता एकदम स्टेबल’ असं लिहिलंस, ते काही मला पटलं नाही. त्याच मशीनवर तुझा थिसिस आहे, म्हणून जरा स्पष्टच बोलते.

निळा स्क्रीन दाखवून बंद पडणारा पीसी परवडला, निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं तरी. मला धास्ती वाटते ती काठावरच्या प्रोसेसरची. तो चालू राहतो आणि मध्येच एखादं गणित चुकवतो. मग झिप उघडताना सीआरसी एरर येते, रेंडर अर्ध्यावर थांबतो, आणि आपण विंडोजला नावं ठेवत बसतो.

प्राइम95 मला आवडतं ते याचसाठी. मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या, 1996 पासून चालू असलेल्या गिम्प्स प्रकल्पाचं हे सॉफ्टवेअर. त्यातल्या गुणाकारांची उत्तरं पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवीत. त्यामुळे ‘राउंडिंग वॉज 0.5, एक्स्पेक्टेड लेस दॅन 0.4’ अशी ओळ दिसली, की उत्तर पूर्णांकापासून जितकं लांब जाऊ शकतं तितकं गेलं असं समज. विंडोज त्या वेळी मजेत चालू असतं, माउस हलत असतो, गाणंही वाजत असतं. पण गणित चुकलेलं असतं. ही ओळ एकदा जरी आली तरी ते सेटिंग नापास. ‘पाच तासांनी एकदाच आली’ हे मी ऐकून घेणार नाही.

आता तुझ्या रायझन 5600एक्स प्रोसेसरचं बघू. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये तू सहाही कोरना सरसकट उणे 30 दिलंस आणि बूस्ट 200 मेगाहर्ट्झने वाढवलास. तिथला एक आकडा म्हणजे साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट, तेव्हा तू 90 ते 150 मिलिव्होल्ट काढून घेतलेस. सिनेबेंचमध्ये सगळे कोर एकदम पळतात, तेव्हा पॉवर लिमिटमुळे वेग आपोआप खाली राहतो. खरी परीक्षा एकटा कोर 4.8 गिगाहर्ट्झच्या आसपास जातो तेव्हा असते. तू ब्राउझर उघडतेस, पीडीएफ चाळतेस, तेव्हा नेमकं तेच होतं. म्हणून असे पीसी गेममध्ये टिकतात आणि नुसते डेस्कटॉपवर असताना रीस्टार्ट होतात.

यासाठी कोअरसायकलर वापर. ते एकेका कोरवर आळीपाळीने प्राइम95 चालवतं आणि कोणता कोर अडला ते लॉगमध्ये लिहून ठेवतं. जो अडेल त्याचाच आकडा उणे 30 वरून उणे 25 कर, बाकीच्यांना हात लावू नकोस. बहुतेक वेळा आधी अडतात ते रायझन मास्टरमध्ये तारा असलेले उत्तम कोर, कारण त्यांना मुळातच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, कापायला जागाच नसते. पीसी आपोआप रीस्टार्ट झाला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची 18 नंबरची नोंद शोध, तिथेही कोरचा माग लागतो.

रॅमवर एक्सएमपी चालू आहे ना? ती आधी मेमटेस्ट86 ने वेगळी तपास, नाहीतर दोष रॅमचा आणि तू कोरांच्या मागे, असं होईल. शेवटी प्राइम95 मधली ‘स्मॉल एफएफटीज’ टेस्ट लावून प्रोसेसरचं तापमान बघ. 95 अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो, मग तू तपासतेस तो तुझा ओव्हरक्लॉक उरतच नाही. आत्ता थंडी आहे; नागपूरच्या मे महिन्यात तुझी खोली किती तापते ते तुला माहीत आहे, तेव्हा ही एक टेस्ट उन्हाळ्यात पुन्हा करायची.

आणि हे सुरू करण्याआधी थिसिसचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर, उघडून बघ. मग रात्री कोअरसायकलर लावून झोप आणि सकाळी लॉग मला पाठव, कोणत्या कोरला किती द्यायचं ते फोनवर ठरवू.