जगाचा न्याय करणारे आणि एका खोलीचा वाद



एका आईची दोन मुले एकाच मिस्सेला येतात, पण एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की मान दुसरीकडे वळवतात. हे आम्ही ठाण्यात पाहिले, कल्याणला पाहिले, डोंबिवलीतही पाहिले. कारण बहुधा एकच. जुने घर पुनर्विकासाला गेले, बिल्डर नवा फ्लॅट देणार, तो कोणाच्या नावावर?

इ. स. ५४च्या सुमारास संत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा तिथेही भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. करिंथचे न्यायासन भर चौकात होते. स्वतः पौलाला गल्लियोसमोर तिथेच उभे केले होते (प्रेषितांची कृत्ये १८). म्हणजे घरातले भांडण सगळ्या शहराने पाहावे, अशीच ती जागा. पौल विचारतो (१ करिंथ ६) की जे एके दिवशी जगाचा, देवदूतांचासुद्धा न्याय करणार आहेत, त्यांच्यात रोजच्या व्यवहारातला तंटा मिटवणारा एकही शहाणा माणूस नाही काय?

हा भावी न्याय म्हणजे काय? न्यायाधीश एकच, प्रभू ख्रिस्त. पण आपण त्याच्याशी जोडलेले असल्यामुळे त्याच्या न्यायात सहभागी होऊ. दानिएल ७ आणि ज्ञानग्रंथ ३ मध्ये ही आशा आहे, आणि प्रभूने बारा शिष्यांना बारा आसनांचे वचन दिले (मत्तय १९). शेजाऱ्याची जुनी खाती उघडायला मिळतील, असा मात्र याचा अर्थ नव्हे! ज्याला उद्या ख्रिस्ताच्या दृष्टीने पाहायचे आहे, त्याने आज स्वतःच्या भावाकडे त्या दृष्टीने पाहायला शिकावे, एवढाच पौलाचा आग्रह आहे.

तिसऱ्या शतकात सिरियातील ख्रिस्ती मंडळीसाठी लिहिलेल्या 'डिडास्कालिया' या ग्रंथात एक फार व्यवहारी सूचना आहे. तंटे सोमवारी ऐकावेत. कोणाला निवाडा पटला नाही तर समजूत घालायला आठवडा हाती राहतो, आणि रविवारी सगळे समेटाने वेदीपाशी येतात.

आता अवघड भाग. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का पत्करत नाही, असेही पौल विचारतो. हे वचन आम्ही घराघरांत ऐकले आहे, पण ते नेहमी बहिणीला ऐकवले जाते! "तू लग्न होऊन गेलीस, ख्रिस्ती आहेस, सोडून दे," असे म्हणत हक्कसोडपत्र पुढे सरकवले जाते. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा आहे. सोडायचे तर तिने स्वखुशीने सोडावे. घेणाऱ्याने तिला पौल शिकवू नये, कारण लगेच पुढच्या ओळीत पौल घेणाऱ्यालाच धरतो. तुम्ही अन्याय करता, आणि तोही भावाबहिणींवर, असे तो म्हणतो.

न्यायालयात जाणे हे पाप आहे, असेही कोणी समजू नये. पौलाने स्वतः कैसराकडे दाद मागितली (कृत्ये २५). मारहाण, मुलांवरील अत्याचार असे गुन्हे चर्चच्या खोलीत मिटवायचे नसतातच, ते पोलिसांकडेच गेले पाहिजेत. आणि आपसात तडजोड झाली तर ती लोकअदालतीत नेता येते. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते.

वारसा वाटून दे म्हणणाऱ्याला प्रभूने नकार दिला होता (लूक १२). तेव्हा आम्ही धर्मगुरूंनीही हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये. येत्या सोमवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर धर्मग्रामातील एक वकील, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एक अनुभवी भगिनी पॅरिश ऑफिसात बसतील. प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचे कागद, बिल्डरचा करारनामा सोबत आणावा. ज्यांचा हिस्सा आहे ते सर्व आले तरच बोलणे सुरू होईल, बहिणीही.