विंडोज १०चा शेवटचा अपडेट घ्यावा का?

प्रश्न : घरच्या संगणकावर विंडोज १० आहे. अपडेट घेतला तर बाबांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बंद पडेल का, अशी धास्ती वाटते. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : अपडेट घ्याच, पण आधी बाबांच्या फाइली आणि ते जुने फाँट बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा. फाँट हरवले तर मजकूर उघडेल, वाचता मात्र येणार नाही.

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. २२एच२ आवृत्ती असल्यास सेटिंग्जमधून ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’साठी नोंदणी करा. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्यास फुकट. दुकानदार ‘नवाच घ्या’ म्हणेलच! आधी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आहे का आणि प्रोसेसर विंडोज ११ला चालतो का, ते बघा. नसेल चालत, तर मुदतीनंतर नेट बंद ठेवून हा संगणक फक्त टायपिंगला वापरा. बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.