न भरणारी जखम आणि तीन बोटं

गेल्या मे महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून डब्लिनला आले. जेवताना घास अगदी लहान घेत. तोंड उघडायला लावलं तर उभी दोन बोटं जेमतेम जात. निरोगी माणसाची साधारण तीन जातात. वर्षानुवर्षं मावा खाल्लेला, आणि जिभेच्या कडेला महिनाभर न भरलेली जखम. बायोप्सीत कर्करोग निघाला. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. पण त्यानंतर जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

रोग पसरण्याआधी सापडला तर शंभरातले ऐंशीच्या आसपास रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. उशीर झाला की हा आकडा झपाट्याने घसरतो. मुख्य उपचार शस्त्रक्रिया, गरजेप्रमाणे किरणोपचार. गाठ लहान असताना मानेतल्या लसिकाग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात का, यावर फार वर्षं मतभेद होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने २०१५ साली उत्तर दिलं: लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

काढलेल्या भागाच्या जागी हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट आणून शिवतात. अण्णांचं तसंच केलं. जबडा गेला तर नडगीशेजारचं बारीक हाड बसवतात. पुढे त्यात कृत्रिम दातही रोवता येतात. मात्र गिळणं आणि बोलणं नव्याने शिकावं लागतं, तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. अण्णांच्या तोंडी 'बाळ'चं अजून 'बाल' होतं. नातवंडं हसतात, तेही हसतात. आणखी एक: खराब दात किरणोपचारापूर्वीच काढून घ्यावेत. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. हे आम्हाला एका परिचारिकेने वेळेवर सांगितलं म्हणून बरं.

आता पैशांचं. पुरेसा पीआरएसआय भरलेल्यांना, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदारालाही, आयर्लंडमध्ये वर्षातून एकदा दातांची तपासणी मोफत मिळते. भेटीला आलेल्या आईवडिलांना नाही, आणि प्रवासविमा जुन्या दुखण्याचे पैसे सहसा देत नाही. बायोप्सीचा खर्च आम्ही खिशातून केला, शस्त्रक्रियेसाठी अण्णांना मुंबईला नेलं. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी घरच्यांना गावातच दातांच्या डॉक्टरांकडे पाठवा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर थांबू नये.

आईची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तिची मिश्री अजून सुटलेली नाही.