बसत नाही तो भाग घासू नका

प्रश्न : मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आहे. गच्चीवरच्या तिकोनी टॉवरसाठी परराज्यातल्या एका कंपनीच्या वेबसाइटवरून सर्वांत वरचा टप्पा १८,५०० रुपयांना मागवला. त्यांनी आधी ईमेलवर पाइपचा बाहेरचा व्यास विचारला. मी व्हर्नियरने मोजून ४२ मिमी कळवला. आलेल्या भागाच्या सॉकेटचा आतला व्यास ४० मिमीच भरतो, पाइप आत जातच नाही. तीन आठवडे फोन केले, ‘साहेब बाहेर गेलेत’ एवढंच उत्तर. ईमेलला उत्तर नाही. शेवटी एकदा म्हणाले, ‘थोडं ग्राइंड करून घ्या, विकलेला माल परत घेत नाही.’ पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्यात आधी, ग्राइंडर हातात घेऊ नका. आतून घासलं की जस्ताचा थर जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. ज्या सांध्यावर अँटेना आणि रोटर उभे राहणार, तिथे हे चालवून घेण्यासारखं नाही. कायद्याच्या बाजूनेही ते तुम्हाला महागात पडेल. मालवस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार, आलेल्या मालावर मालकासारखी कृती केली, किंवा नापसंती न कळवता तो वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. मग माल नाकारण्याचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई मागता येते.

म्हणून आजच लेखी कळवा : ‘माल ठरलेल्या मापाचा नाही, मी तो नाकारत आहे, पूर्ण रक्कम परत करा.’ ईमेल करा आणि तेच पत्र पोहोच-पावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नाकारलेला माल स्वतः परत पोहोचवण्याची सक्ती कलम ४३ तुमच्यावर करत नाही.

माप त्यांनी विचारलं आणि तुम्ही दिलं, तो ईमेल हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. मोजताना तुमचीच चूक झाली असती, तर मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची. ‘विकलेला माल परत घेत नाही’ हे वाक्य अशा मालाला लागू होत नाही. शिवाय वेबसाइटवरून विकणाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तीन आठवडे तुम्हाला ताटकळत ठेवलं, त्याचाही उल्लेख तक्रारीत जरूर करा.

पत्राला उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्ही राहता त्या सांगलीत तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. हॅम हा छंद आहे, व्यवसाय नव्हे, त्यामुळे ‘व्यापारी हेतूने खरेदी’ हा आक्षेप टिकणार नाही. परवान्याची प्रत मात्र जोडा.

भाग मूळ पॅकिंगसह कोरड्या जागी ठेवा. व्हर्नियर लावलेल्या सॉकेटचा आकडे वाचता येतील असा जवळून फोटो काढा. सुनावणीला जाताना तुमच्या टॉवरच्याच मापाचा पाइपचा वीतभर तुकडा सोबत न्या आणि सॉकेटवर टेकवून दाखवा.