फोनमधला चेहरा

आपल्या मुळशीत आता घरोघरी फोन आले. पोरी त्यात फोटो बघतात. गोरे गाल, नितळ कातडी. मग आरशात बघून हिरमुसतात.

आम्ही सांगतो, तो चेहरा खरा नसतो. फोनमध्येच तशी सोय असते. बोट लावले की रंग उजळतो, डाग पुसले जातात. जिचा फोटो, तीही तशी दिसत नाही.

काही पोरी गोरे होण्याचे मलम लावतात. काही मलमांत पारा असतो. पारा कातडीतून अंगात जातो, मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ साली अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघींना अशा मलमाने मूत्रपिंडाचा विकार झाला.

हे वेड फोनने लावले खरे. पण पोरीला 'काळी' आधी कोण म्हणाले? आपणच ना?

१९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला. जमिनीसाठी बायाही पुढे आल्या. त्या गोऱ्या की सावळ्या, हे आज कोण विचारतो? त्यांचे धैर्य तेवढे आठवते. तेच खरे रूप.

तेव्हा पोरीला रंगावरून हिणवू नका. आता तुम्हांला वाचता येते. मलमाची डबी वाचून बघा. आत काय आहे, कोणी केले, हे लिहिलेले नसेल, तर ती घरात आणू नका.