संचालकाचें कर्तव्य
लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर, सांप्रतच्या सांगली जिल्ह्यांत, कारखाना उभारिला, तीच किर्लोस्करवाडी. १९२० सालीं त्या धंद्याची मर्यादित कंपनी झाली. घरच्या धंद्यांतील नफातोटा घरचाच; परंतु भागधारकांचा पैसा आला कीं, संचालक विश्वस्तासारखा बांधला जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १६६ वें कलम त्याजकडून सावधगिरी व निष्ठा दोन्ही मागतें. हिशेब न वाचतां सही करणारा सावधगिरीस चुकतो. आप्ताचें महाग लोखंड कंपनीच्या गळ्यांत मारणारा निष्ठेस चुकतो, आणि असा अनुचित लाभ त्यास कंपनीस भरून द्यावा लागतो. विद्यार्थीमित्रहो, वर्गाच्या वर्गणीची पेटी हातीं आली, तर पैपैचा हिशेब ठेवा. विश्वासू कारभारी तेथेंच घडतो.